कडी काढणाऱ्याची लेक

बाईंनी नाकावर कधी माशी बसू दिली नाही. बसायला आलीच असती, तर कोणत्या नियमानं बसतेस, असं त्यांनी तिलाही विचारलं असतं. सभागृहाच्या प्रतिवेदन शाखेत त्यांची तेहतीस वर्षं गेली होती. म्हणजे निवडून आलेली माणसं जे जे बोलतात ते लघुलेखनात टिपायचं, वर जाऊन साध्या अक्षरात उतरवायचं आणि पानाच्या कोपऱ्यात आपली छोटी सही ठोकायची. ती सही म्हणजे हे असंच बोललं गेलं, याला मी जबाबदार. सरकारं आली आणि गेली, बाई त्याच टेबलाशी बसून राहिल्या. निवृत्तीला चार महिने उरले होते.

टेबल सभागृहाच्या बरोबर मधोमध, सभासदांच्या पायाशी. एकेकीची पाळी दहा मिनिटांची. घड्याळाकडं बघत दुसरी येऊन शेजारी बसते, पहिलीची पेन्सिल थांबते तिथं दुसरीची सुरू होते, आणि पहिली वही छातीशी धरून दोन जिने चढून वर जाते. वर चार टेबलं, सहा कपाटं, एक गळका नळ आणि खिडकीजवळच्या फळीवर एक जाडजूड ग्रंथ. धर्माचा ग्रंथ. कार्यालयात तो भक्तीसाठी नव्हता, कामासाठी होता.

त्याचं असं झालं. जुन्या काळी सभासद उठसूट ग्रंथातली वचनं सांगत आणि हमखास चुकत. चुकलेलं छापलं की भांडायला वर येत: आम्हाला काय ग्रंथ येत नाही, तुम्हीच चुकीचं ऐकलंत! शेवटी कंटाळून कुणा जुन्या अधिकाऱ्यानं नियमच करून टाकला. वक्त्यानं वचन सांगायला सुरुवात केली की ते टिपत बसायचं नाही. वहीत एक गोल काढायचा, गोलात ओळखीपुरते दोन शब्द लिहायचे, आणि वर जाऊन ग्रंथातून वचन पुरं उतरवून घ्यायचं. वक्ता अडखळला तर अडखळणं गाळायचं, अर्धवट सांगितलं तरी नोंदीत पुरं घालायचं. सभासद चुकेल, ग्रंथ चुकत नाही, अशी त्यामागची समजूत.

या नियमानं सगळ्यांची सोय झाली. गंमतही झाली. एका सभासदानं एकदा 'ग्रंथात म्हटलंच आहे, थोडक्यात बोलावं' असं म्हणून दोन तास भाषण केलं. सगळी शाखा दोन दिवस ते वचन शोधत होती. ते ग्रंथात नव्हतंच. तळटीप छापली, 'वचन आढळले नाही', आणि तो गृहस्थ पुढची निवडणूक हरला. तळटिपेमुळं हरला असं बाईंचं ठाम मत होतं.

आता ज्यांच्यामुळं ही गोष्ट घडली, त्यांच्याविषयी. सगळा मुलूख त्यांना 'थोरले' म्हणत असे. वीस वर्षं सत्तेत, आणि त्यांच्या तोंडी ग्रंथ असा, की लोक म्हणत, थोरले बोलतात की ग्रंथ बोलतो तेच कळत नाही. तरुणपणी तुरुंगात होते, तिथं ग्रंथाशी सोबत जडली, हे ते प्रत्येक भाषणात सांगत. पहिल्यांदा निवडून आले तेव्हा युद्धानं घरादाराला मुकलेली माणसं सीमेवर येऊन बसली होती. त्यांच्यासाठी आश्रयघरं उघडावीत म्हणून थोरल्यांनी भाषण केलं. ते इतकं गाजलं की शाळेच्या पुस्तकात धडा झाला. त्यातलं वचन लहान पोरंसुद्धा घडाघडा म्हणतात: 'आपल्या दाराला कडी असू दे, आणि ती कडी वाजेल तेव्हा उठून दार उघड, कोण आहे ते मागून विचार.'

हे वचन बाईंना त्या धड्याच्या किती तरी आधीपासून पाठ होतं. त्यांचे वडील तुरुंगात पहारेकरी होते. फेऱ्या मारताना ग्रंथ म्हणायची त्यांना सवय. कोठड्यांतले कैदी ऐकत. त्यात एक तरुण राजबंदी होता, एकट्याच्या कोठडीतला. एका दुपारी तो तापानं फणफणला आणि आतून दाराला धक्के देऊ लागला. धक्का बसला की बाहेरची कडी वाजे. मोठ्या साहेबांच्या हुकमाशिवाय ती काढायची नाही असा दंडक, आणि मोठे साहेब संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. वडिलांनी थोडा वेळ कडीचा आवाज ऐकला. मग कडी काढली, पोराला खांद्यावर घातलं आणि दवाखान्यात नेऊन टाकलं. पोरगा वाचला. वडिलांची बढती गेली आणि त्यांना बाहेरच्या फाटकावर उभं केलं, निवृत्तीपर्यंत, अकरा वर्षं, डोक्यावर पत्रासुद्धा नाही. तो पोरगा म्हणजे थोरले.

घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर कुणालाच नव्हतं. वडील म्हणत, उघडलेल्या दाराची पावती मागायची नसते.

तर त्या दिवशी थोरले उभे राहिले ते आश्रयघरं बंद करायच्या कायद्यावर बोलायला. होय, तीच आश्रयघरं. एकतीस वर्षांत तिथं दुसऱ्या युद्धातली माणसं आली होती, मग पुरातली आली होती, आणि मतदार कुरकुरायला लागले होते. थोरल्यांचा आवाज अजून तसाच होता, भरदार. बाईंच्या पाळीची चार मिनिटं उरली असताना त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "ग्रंथ काय सांगतो? आपल्या दाराला कडी असू दे!" आणि थांबले. बाकं वाजली. थोरले पाण्याचा घोट घेऊन पुढच्या मुद्द्याकडं वळले.

बाईंच्या हातानं गोल काढला. गोलात 'दाराला कडी' असं लिहिलं. तेहतीस वर्षांची सवय, हाताला डोकं लागत नाही. वर गेल्या, ग्रंथ काढला, वचन पुरं उतरवलं, छोटी सही केली. पान देताना पुन्हा एकदा वाचलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ही दुसरी ओळ थोरले बोललेच नव्हते. चुकून राहिली नव्हती. त्यांनी ती जाणूनबुजून सोडली होती. सगळा कायदा त्या सोडलेल्या ओळीवर उभा होता.

पेन्सिल हातात होती. ओळ खोडायला किती वेळ लागतो? बाईंनी पेन्सिल कानामागं खोचली आणि पान जसंच्या तसं पुढं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी शाखाप्रमुख धापा टाकत आले. समास मोजायला त्यांच्या हातात सदा पट्टी असे, म्हणून सगळे त्यांना पट्टीसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. फक्त वरून आवाज आला की ते आधी 'हो' म्हणत आणि मग ऐकत.

"बाई, ही दुसरी ओळ काढा. साहेब ती बोललेच नाहीत म्हणे. वरून फोन आलाय."

"नियम काय म्हणतो?"

"नियम मला नका शिकवू."

"कुणीतरी शिकवायलाच हवा. अर्धवट वचन पुरं छापायचं. तुमच्याच सहीचं परिपत्रक आहे, भिंतीवर लावलंय."

पट्टीसाहेबांनी भिंतीकडं बघितलंच नाही. "चार महिने राहिलेत तुमचे. कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेताय? एक रेघ मारायची, बाजूला छोटी सही करायची. संपलं."

"मग तुम्हीच करा की."

"मला करता येत असती तर तुमच्याकडं आलो असतो का? टिपण तुमचं, सही तुमचीच लागते."

"साहेबांना सांगा, त्यांचं भाषण आहे, त्यांना स्वतः वगळता येतं."

हे मात्र पट्टीसाहेबांच्या वर्मी लागलं. वक्त्यानं स्वतः काही वगळलं तर त्या जागी चांदणी पडते आणि खाली छापलं जातं, 'येथील मजकूर वक्त्याने वगळला.' मग सगळा गाव विचारणार, काय वगळलं? थोरल्यांना ओळ जायला हवी होती आणि गेल्याची खूणही नको होती. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ते असं.

"सही करणार नाही," बाई म्हणाल्या. "आज नाही आणि चार महिन्यांनीही नाही."

संध्याकाळी कागद हातात पडला. सात दिवसांत दुरुस्ती करून सही करावी, अन्यथा चौकशी. तोपर्यंत सभागृहात बसायचं नाही, तळघरातल्या वह्यांच्या कोठीत हजेरी लावायची. बाई कागद वाचून हसल्या. ज्यानं ही शिक्षा काढली, त्याला कोठीत काय आहे हे ठाऊक नव्हतं. माशावर रागावून त्याला पाण्यात ढकलण्यातला प्रकार.

घरी दोन खोल्या आणि धाकटी बहीण. दोघीही एकेकट्या राहिलेल्या, म्हणून एकत्र राहणाऱ्या. धाकटी शिवणकाम करी. बाहेरची खोली तिच्या मशीननं आणि लोकांच्या अर्धवट कपड्यांनी भरलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं, पायडलवरचा पाय काढला आणि म्हणाली, "बाबांचं सांग ना जाऊन. ज्यानं कडी काढली त्याची मी मुलगी म्हणावं. पाया पडेल तो तुझ्या."

"पाया पडायला नको आहे मला."

"मग काय हवंय?"

बाईंनी मशीनवरचं एक अर्धवट कापड उचलून त्याची घडी घातली. मग एकतीस वर्षं कुणालाही न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली. थोरल्यांचं ते पहिलं गाजलेलं भाषण, शाळेच्या पुस्तकातलं, त्यातही वचन आलं तेव्हा पाळी त्यांचीच होती. नोकरीला दोन वर्षं झाली होती. आणि थोरले त्या दिवशी वचन पुरं बोललेच नव्हते. अडखळले होते. अडखळून जे बोलले होते, ते बाबांविषयी बोलले होते. बाईंनी ते सगळं टिपलं होतं. वर गेल्यावर त्या वेळचा अधिकारी म्हणाला, अडखळणं गाळ, वचन घाल. बाईंना वाटलं, हट्ट धरला तर विचारतील, तुला एवढं का लागतंय? मग कळेल की ही त्या शिक्षा झालेल्या पहारेकऱ्याची पोर. नोकरी जाईल. त्यांनी मुकाट्यानं गाळलं, वचन घातलं आणि सही केली.

"बाबांना सांगितलंस?" धाकटीनं विचारलं.

"नाही."

"ते फाटकावर उभे होते तेव्हा. रोज. आणि त्या माणसानं भर सभागृहात त्यांची आठवण काढली हे तुला ठाऊक होतं. आणि तू सांगितलं नाहीस?"

"काय तोंडानं सांगू? तेच मी खोडून आले होते."

धाकटीनं कात्री ठेवली. "बाबा गेले गं तसेच," ती म्हणाली, आणि त्यानंतर तिनं बाईंशी बोलणं टाकलं. स्वयंपाक करी, ताट वाढी, पण तोंडातून शब्द नाही. बाईंना सरकारच्या कागदानं जे झालं नव्हतं ते या अबोल्यानं झालं. पण मनात म्हणाल्या, बरोबर आहे तिचं.

कोठी म्हणजे जमिनीखालची लांबट खोली, दोन्ही बाजूंना छतापर्यंत वह्या, वर्षावार बांधलेल्या. दार आपोआप उघडे म्हणून आतून कडी लावून बसावं लागे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी एकतीस वर्षांपूर्वीचा गठ्ठा काढला. वही सापडली. लघुलेखनाचं असं आहे, की दोन वर्षं झाली की ज्याचं त्याला सुद्धा धड वाचता येत नाही. दुसऱ्याला तर नाहीच. पण हे पान बाईंना एका दमात वाचता आलं. तिथं गोल होता, 'दाराला कडी' होतं, आणि गोलाखाली, नियमाप्रमाणं टिपायची गरज नसताना, सव्वीस वर्षांच्या मुलीनं थोरल्यांचा शब्दन्‌शब्द टिपलेला होता. वाचता वाचता बाईंना रडू आलं. ते संतापाचं होतं, आणि निम्मा संताप स्वतःवरचा होता.

मग त्या विचार करायला लागल्या. वर आपण कशासाठी भांडलो? ग्रंथाची ओळ राहावी म्हणून. पण ही ओळ घालून घालूनच तर आपण या माणसाला मोठं केलं. त्यांनी खालच्या वर्षांच्या आपल्या वह्या काढल्या, मग वरच्या, आणि अडखळत लावत गेल्या. थोरल्यांची भाषणं, पानोपानी गोल, आणि गोलाखाली गरज नसताना टिपलेले त्यांचे शब्द. इथं दोन शब्द बोलून सोडलेलं, तिथं तिसऱ्याच वचनाला जोडलेलं. छापील नोंदीत मात्र सगळी वचनं पुरी आणि बिनचूक. थोरले आधी ग्रंथाविषयी चाचपडत बोलत होते, स्वतःच्या शब्दांत, आणि ते खरं होतं. पुढं पुढं स्वतःचे शब्द संपले आणि छापलेली वचनं तेवढी उरली. त्यांनी स्वतःचीच छापील भाषणं वाचून पाठ केली असणार. ग्रंथ बोलतो म्हणतात तो हा! वरच्या मजल्यावर, गळक्या नळाशेजारी बसून चार बायका ग्रंथ बोलत होत्या.

चौथ्या दिवशी थोरल्यांचा चिटणीस आला. गोड बोलला, मग कडू बोलला. बाईंनी त्याला जुन्या वहीचं सांगितलं.

"द्या इकडं ती वही. साहेब बघतील."

"वही कोठीच्या बाहेर जात नाही. नियम आहे. आणि नेलीत तरी वाचणार कोण? ऐकायचं असेल तर त्यांनी खाली यावं."

"त्यांनी? इथं?" चिटणिसानं छताच्या ओलीकडं पाहिलं.

"जिना आहे की. आम्ही रोज उतरतो."

पट्टीसाहेबांना हे कळलं तेव्हा ते खुर्चीत बसले ते अर्धा तास उठलेच नाहीत.

सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास कोठीची कडी वाजली. बाहेरून कुणीतरी दार ढकलत होतं. एकदा, दोनदा, मग जरा थांबून पुन्हा. ढकलणं दमलेल्या म्हाताऱ्या माणसाचं होतं, आणि कोण असणार हे बाईंनी ओळखलं. मनात आलं, वाजवू दे. दहा मिनिटं वाजवू दे, एक अख्खी पाळी. बाबा अकरा वर्षं उभे होते. पण कडी तिसऱ्यांदा वाजली आणि बाई उठल्या. वचन थोरल्यांना लागू आणि आपल्याला नाही, असं कसं चालेल? त्यांनी दार उघडलं.

थोरले एकटे होते. जिन्यानं त्यांना दम लागला होता. बाईंनी एकुलती एक खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"बाई, ती ओळ मी बोललो नाही. खरं की खोटं?"

"खरं."

थोरल्यांना हे अपेक्षित नव्हतं. "मग काढत का नाही?"

"काढते. जसं बोललात तसं छापू या. पण मग हा नियम जुन्या भाषणालाही. दोन्हीवर सही करीन, नाहीतर एकावरही नाही."

"कुठलं जुनं भाषण?"

बाईंनी वही उघडली आणि वाचलं. आवाज चढवला नाही, घाईही केली नाही. "ग्रंथात म्हटलंय, आपल्या दाराला कडी असू दे. पुढचं मला आठवत नाही, अध्यक्ष महोदय, माफ करा. पण ज्या पहारेकऱ्याच्या तोंडून मी हे ऐकलं, त्यानं भर दुपारी हुकूम मोडून माझी कडी काढली होती. त्याला त्याची शिक्षा झाली. मला वचन आठवत नाही, मला तो माणूस आठवतो. म्हणून सांगतो, दारं उघडा."

थोरले वहीवर वाकले. त्या खुणांतलं एकही अक्षर त्यांना लागेना.

"हे मी बोललो होतो?"

"बोलला होतात."

"मग छापलं का नाही?"

"मी गाळलं. नियम होता, पण हात माझा होता. तुम्ही माणूस आठवला होतात, मी तो खोडून ग्रंथ घातला. तेव्हापासून तुम्ही ग्रंथामागं लपताय, आणि लपायला जागा आम्ही करून दिली. आता वचन आठवतं तुम्हाला, सोयीपुरतं. माणूस विसरलात."

इतकं थोरल्यांना गेल्या वीस वर्षांत कुणी ऐकवलं नसेल. त्यांचा चेहरा तांबडा झाला. "तुम्ही कुणाशी बोलताय याचं भान आहे का?"

"आहे. म्हणून तर उभी आहे."

थोरल्यांनी काठी जमिनीवर टेकली, उठतीलसं वाटलं, पण उठले नाहीत. वेगळ्याच आवाजात त्यांनी विचारलं, "त्या पहारेकऱ्याचं पुढं काय झालं?"

"बाहेरच्या फाटकावर उभं केलं. अकरा वर्षं. उन्हापावसात."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"डबा मी नेऊन देत असे."

थोरल्यांनी वर पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यात त्यांनी काही शोधलं असेल, सापडलं की नाही कोण जाणे. कोठडीच्या दारातून माणसाचे डोळे तेवढे दिसतात.

"इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत?"

"बाबा म्हणायचे, उघडलेल्या दाराची पावती मागायची नसते."

"आणि आज मागताय."

"पावती नाही मागत, साहेब. नोंद मागतेय."

थोरले हसल्यासारखे झाले, पण ते हसू नव्हतं. "ते भाषण पोरं पाठ करतात, बाई. लोक म्हणतील, थोरल्यांना वचनच येत नव्हतं."

"म्हणू देत. माणूस आठवत होता, हेही म्हणतील."

"आणि नव्या भाषणात अर्धंच वचन. दोन्ही कार्यवाहीच्या एकाच छापील अंकात." त्यांना सगळं बरोबर दिसत होतं, इतकी वर्षं सत्तेत उगाच नव्हते. "म्हणजे एका पानावर मी दारं उघडा म्हणतोय, आणि दुसऱ्यावर कडी लावा. कोंडलंत मला."

"दार उघडं आहे," बाई म्हणाल्या. "जायचं असेल तर जा. स्वतःच्या हातानं ओळ वगळा, चांदणी पडू द्या. माझी सही मिळणार नाही. चौकशी करा, काढून टाका. एकदा भिऊन सही केली, तिची फेड एकतीस वर्षं करतेय. दुसऱ्यांदा करायची नाही."

थोरले किती वेळ बसले होते हे बाईंनी पुढं कधी नीट सांगितलं नाही. एक पाळी, दोन पाळ्या. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. "करा दोन्हीवर सह्या."

"आधी लेखी द्या."

थोरल्यांनी लिहून दिलं. दोनच ओळी: दोन्ही भाषणे जशी बोललो तशी छापावीत. बाईंनी कागद उजेडात धरून वाचला, घडी घातली, आणि मग थोरल्यांच्या समोरच दुरुस्त केलेल्या दोन्ही पानांवर सह्या केल्या. थोरले काठी टेकत जिना चढून गेले.  

अंक निघाला. सभागृहात विरोधकांनी दोन्ही पानं एकापाठोपाठ एक वाचली आणि थोरल्यांनी उत्तर द्यावं म्हणून बाकं बडवली. थोरले उठले. पहिल्यांदाच त्यांनी ग्रंथातलं काही सांगितलं नाही. म्हणाले, मतदान पुढं ढकलावं. लोक म्हणाले, केवढं मोठं मन! बाई म्हणाल्या, मन कसलं, खरं लिहिलेलं समोर आलं की बोलती बंद होते, एवढंच. कायदा मागं घेतला नाही त्यांनी. तारखा मात्र पुढं पुढं जात राहिल्या, आणि आश्रयघरांत संध्याकाळी चुली पेटत राहिल्या. त्यांतल्या एका घराच्या दारावर कुणीतरी खडूनं लिहिलं होतं, मला तो माणूस आठवतो.

पट्टीसाहेब कोठीत आले, चौकशी रद्द झाल्याचं सांगितलं आणि म्हणाले, चला बाई, वर चला. बाई म्हणाल्या, मी इथंच बरी आहे, काम आहे, माझे बाकीचे गोल दुरुस्त करायचेत. आपलं टिपण चुकलं असेल तर नोकरीत असेपर्यंत ते दुरुस्त करता येतं, हाही नियमच होता, आणि बाईंनी तो तुमच्याच सहीचा आहे म्हणून दाखवला.

त्या दिवशी त्यांनी अंक घरी आणला आणि मशीनवर ठेवला. धाकटीनं हातातलं कापड बाजूला केलं, चष्मा लावला आणि ते पान वाचलं. मग पुन्हा मोठ्यानं वाचलं, जणू फाटकापर्यंत ऐकू जायला हवं.

"बाबांचं नाव नाही यात," ती म्हणाली. दहा दिवसांनंतरचा तिचा पहिला शब्द.

"नाव त्यांनी तरी कुठं सांगितलं होतं त्याला."

धाकटीनं पान गुळगुळीत केलं. "उशिरा सांगितलंस."

"हो."

"खूप उशिरा, ताई."

"हो गं."

धाकटी उठली, पदरानं डोळे पुसले आणि चहा टाकायला आत गेली. आतूनच तिनं विचारलं, "अजून किती गोल राहिलेत तुझे?"

"चारशेच्या वर."

"चार महिन्यांत होतील?"

"होतील," बाई म्हणाल्या. "आणि नाही झाले, तर मला त्या कोठीतून बाहेर काढून दाखवावं कुणी."